सेगेडच्या लाल मिरच्या



मघाशी आपल्या शाळेत बक्षिसं वाटताना ज्यांचं नाव पुकारलं गेलं नाही, त्यांच्याकडे माझं लक्ष जात होतं. १८९३ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेला अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी असाच मागच्या बाकावरचा. त्याचे मामा नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ. भाच्याला संशोधन झेपायचं नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. शाळेच्या शेवटच्या वर्षांत पोराला अभ्यासाची गोडी लागली, तेव्हा कुठे मामा नरमले.

चिरलेलं सफरचंद काळं पडतं, पण लिंबू पिळलं तर लवकर पडत नाही. हे तुम्ही घरी पाहिलंय. का, हे कधी विचारलंत? पुढे संशोधक झालेल्या अल्बर्टने विचारलं. लिंबासारख्या फळांच्या रसात काळं पडणं रोखणारं काहीतरी होतं. तसाच गुण असलेला पदार्थ त्याने जनावरांच्या अॅड्रीनल ग्रंथींतून वेगळा केला. साखरेच्या कुळातला वाटत होता, पण नेमका काय ते कळेना. म्हणून त्याने नावच ठेवलं ‘इग्नोज’, म्हणजे ‘ठाऊक नसलेली साखर’! संपादकांनी ते नाव नाकारलं. मला मात्र ते फार आवडतं. आपलं अज्ञान शोधनिबंधात लिहायला मोठं धैर्य लागतं.

पुढची अडचण अगदी व्यवहारातली होती. कसाईखान्यांतून ढिगाने ग्रंथी आणल्या, तरी हाती येई जेमतेम काही ग्रॅम. दरम्यान हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठात गिनीपिगवर प्रयोग झाले आणि उलगडलं, की स्कर्व्ही रोगापासून वाचवणारं क जीवनसत्त्व ते हेच. पण त्याची रचना शोधायची तर भरपूर पदार्थ हवा. संत्र्या-लिंबाच्या रसातल्या साखरा तो वेगळा होऊ देत नव्हत्या.

एका रात्री पत्नीने जेवणात ताज्या लाल मिरच्या वाढल्या. सेगेड म्हणजे पाप्रिका मिरचीचं माहेरघर. त्याला त्या खायच्या नव्हत्या. ‘यांची तर कधी तपासणीच केली नाही,’ असं मनात येऊन त्याने ताटातल्या मिरच्या उचलल्या आणि तडक प्रयोगशाळा गाठली. मध्यरात्रीपर्यंत कळलं, की मिरचीत क जीवनसत्त्वाचा खजिना आहे. ग्रॅमचा हिशेब काही आठवड्यांत किलोवर गेला.

याला कोणी नशीब म्हणेल. मी म्हणणार नाही. त्या गावात मिरची घरोघरी खाल्ली जात होती. प्रश्न मात्र कित्येक वर्षं एकट्या त्याच्या डोक्यात होता.

१९३७ साली त्याला नोबेल मिळालं. सोव्हिएत रशियाने फिनलंडवर हल्ला केला, तेव्हा नोबेलचं सुवर्णपदक त्याने फिनलंडच्या मदतीसाठी देऊन टाकलं. बक्षीस मिळालेल्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

मुलांनो, उद्या वर्गात उत्तर आलं नाही, तर मान खाली घालू नका. ‘माहीत नाही, पण शोधून बघतो,’ असं खणखणीत सांगा. आणि गुरुजनहो, असं म्हणणाऱ्या मुलाला खाली बसवू नका. त्याच्या हाती प्रयोगशाळेची किल्ली द्या.