जुने विमान घेताना

आपल्या वाशिम जिल्ह्यात जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर माणूस ओळखीचा मिस्त्री सोबत नेतो. मिस्त्री रंगाला भुलत नाही. थंड इंजिन सुरू करायला लावतो, धूर बघतो, कागद बघतो. जुने विमान घेणाऱ्यालाही हेच करावे लागते. फरक एवढाच, की बिघडलेला ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा करता येतो.

हौशी वैमानिकांच्या दोन आसनी हलक्या विमानांसाठी अमेरिकेने 2004 साली वेगळा वर्ग केला. माणसे आणि इंधन धरून वजनाची मर्यादा तेव्हा साधारण 600 किलो होती. अशी जुनी विमाने विकायला निघतात तेव्हा विकणारा कौतुकाने सांगतो, "फार कमी उडालेले आहे." मला या वाक्याची धास्ती वाटते. उभे विमान काही विश्रांती घेत नसते. रबरी नळ्या कडक होतात, इंधनाच्या टाकीत पाणी साचते, सांध्यांना गंज चढतो. या विमानांत सर्रास दिसणाऱ्या रोटॅक्स इंजिनाचे अनेक रबरी भाग तर ते कितीही कमी चालले असले तरी पाच वर्षांनी बदलायचे असतात. वेग मोजणारी एक बारीक नळी विमानाबाहेर असते. तिचे तोंड झाकले नाही, तर कुंभारीण माशी आत मातीचे घर बांधते. माशीला बिचारीला काय ठाऊक!

म्हणून आधी लॉगबुक वाचावे. नोंदी सलग आहेत का, अपघात झाला होता का, दुरुस्तीखाली सही कोणाची आहे? आणि तपासणारा अभियंता आपला असावा, विकणाऱ्याचा नव्हे.

28 जून 2018 रोजी मुंबईत घाटकोपरला एक विमान कोसळले. ते किंग एअर जातीचे, दोन इंजिनांचे, म्हणजे वर सांगितलेल्यांपेक्षा बरेच मोठे. पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचे होते, पुढे एका खासगी कंपनीने विकत घेतले. दीर्घ काळ जमिनीवरच होते. दुरुस्तीनंतर चाचणीसाठी जुहूहून उडाले. दोन वैमानिक आणि दोन तंत्रज्ञ गेले. शिवाय खाली पायी चाललेला एक माणूस गेला. त्या चौघांना आपण कशात बसलो आहोत हे ठाऊक होते. खालच्या माणसाचा त्या खरेदीशी काडीचाही संबंध नव्हता.

जुन्या विमानाचे पहिले उड्डाण वस्तीपासून दूर, मोकळ्या रानावर करावे. हौसेने मुलाबाळांना तर त्या दिवशी मुळीच सोबत घेऊ नये.