महागाईचा मोर्चा : आवाज कोणाचा, भुर्दंड कोणाला?

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



मागच्या सभेत आपल्या तरुण मंडळींनी एक सूचना मांडली. महागाईविरुद्ध मोर्चे निघतात, बंद पुकारले जातात; तेव्हा मंडळाने आपला फलक घेऊन त्यांत उतरावे, निदान जाहीर पाठिंबा तरी द्यावा. त्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हाला झाली आहे. आम्ही वक्ते नव्हे. बी.कॉम. झालेले, बँकेतले कारकून. तेव्हा खातेवहीसारखेच बोलू : जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला.

आधी जमेची बाजू. वडोदऱ्यात बसून महागाईच्या आंदोलनावर बोलायचे आणि नवनिर्माण आंदोलनाचे नाव घ्यायचे नाही, असे होणार नाही. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचे बिल वाढले आणि मुले भडकली. निमित्त मेसचे, दुखणे घरोघरचे. शेंगतेल सामान्यांच्या हाताबाहेर गेले होते. तेलगिरण्यांच्या मालकांना लोक ‘तेलिया राजा’ म्हणत, आणि सरकारचे त्यांच्याशी साटेलोटे असल्याचा आरोप उघड होत होता. शहरामागून शहर बंद पडले. संचारबंदी लागली, गोळीबार झाले, शंभराच्या आसपास माणसे गेली. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांनी राजीनामा दिला आणि मार्चमध्ये विधानसभा बरखास्त झाली. त्या वेळचे कॉलेजकुमार आज सत्तरीत आहेत, काही इथे समोरच बसले आहेत. विद्यार्थी आणि गृहिणी मिळून सरकार खाली खेचू शकतात, हे त्यांनी देशाला दाखविले. ही जमा मोठी आहे. ती खोडण्याचा आमचा विचार नाही.

पण ज्यासाठी थाळ्या वाजल्या ते तेल मंत्रिमंडळ गेल्यामुळे स्वस्त झाले का? तसे झाले नाही. त्या महागाईमागे १९७२ चा दुष्काळ होता, १९७३ च्या अखेरीस भडकलेले कच्चे तेल होते. १९७४ च्या उन्हाळ्यातही ती चढतच राहिली. शेवटी केंद्राने हात आवळला. जुलै १९७४ च्या वटहुकमाने नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत टाकला. आमच्या निवृत्त सहकाऱ्यांना ती कपात अजून आठवते. पुढे १९७५ चा पाऊस चांगला झाला आणि भाव उतरले. म्हणजे आंदोलनाने खुर्चीवरचा माणूस बदलला. भाव बदलले ते पावसाने आणि तिजोरीच्या शिस्तीने.

आता आपण सर्वांनी पाहिलेले दोन बंद घेऊ. मे २०१२ मध्ये पेट्रोल एकदम साडेसात रुपयांच्या घरात वाढले. ३१ मे रोजी भाजप व मित्रपक्षांनी भारत बंद केला. चार दिवसांत सुमारे दोन रुपये उतरले. पुढे १० सप्टेंबर २०१८ रोजी काँग्रेस व इतर पक्षांनी इंधनदरासाठीच भारत बंद केला. ४ ऑक्टोबरला केंद्राने अडीच रुपये कमी केले, गुजरात सरकारनेही आपल्या करात तेवढीच सूट दिली. दबावाचा काहीच उपयोग होत नाही, असे म्हणणे म्हणूनच खोटे ठरेल. मात्र एक गोष्ट नजरेत भरते. २०१२ ला जे रस्त्यावर होते ते २०१८ ला सत्तेत होते, आणि २०१२ ला सत्तेत होते ते रस्त्यावर. खुर्ची गेली की महागाई दिसू लागते, हा आजार सर्वपक्षीय आहे. आपल्या मंडळाचा फलक कोणाच्या हातात द्यायचा, याचा विचार म्हणून दहादा करावा लागतो.

आता नावेची बाजू. अशाच एका बंदची गोष्ट. आमच्या शाखेत एक भाजीची लारी लावणाऱ्या बेन खाते ठेवून आहेत. दर दोन-चार दिवसांनी पन्नास-शंभर रुपये भरतात. बंदच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या पैसे काढायला. आदल्या दिवशी सकाळी पोरांच्या घोळक्याने त्यांची लारी उलटी केली होती. उधारीवर आणलेली भाजी रस्त्यावर गेली, आणि त्या दिवशी ट्रक न आल्यामुळे नवी भाजी महाग पडली. स्लिपवर अंगठा उठवताना एवढेच म्हणाल्या, “साहेब, बंध एमनो, खोट मारी.” बंद त्यांचा, नुकसान माझे.

बंधू-भगिनींनो, त्या वाक्याने आमची मान खाली गेली. कारण त्याच दिवशी आम्ही अर्धे शटर ओढून आत चहा पीत बसलो होतो. आमचा पगार एका पैशाने कापला गेला नाही. उलट बँक कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे ठरतो. भाव चढले की आमचा भत्ता चढतो. लारीवाल्या बेनना भत्ता कोण देणार? महागाई सर्वांत जास्त ज्यांना बोचते, त्यांच्याच रोजीवर बंद पाय देतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हे असे. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सक्तीचा बंद घटनाबाह्य ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पण कायद्याआधी ही गोष्ट आपल्या मनाला पटायला हवी.

मग गप्प बसायचे का? मुळीच नाही. मुंबईत १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन निघाल्या. एकमेकींचे पक्ष वेगळे, पण मागणी स्वयंपाकघरातली : धान्य, तेल, रॉकेल, साखर. जाब विचारायचा तो मंत्र्याला आणि साठेबाजाला. भाजीवालीची टोपली हे त्यांचे लक्ष्य नव्हते. आमच्या मते मोर्चाची कसोटी हीच. मागणी नेमकी आहे का? जो ती पुरी करू शकतो त्याच्याच दारात आपण उभे आहोत का? आणि त्याचा खर्च आपण स्वतः सोसतो की दुसऱ्याच्या ताटातून काढतो?

तेव्हा आमची सूचना अशी. बंदला मंडळाने पाठिंबा देऊ नये, तो कोणत्याही पक्षाचा असो. शांत मोर्चा असेल आणि वरच्या तीन प्रश्नांना उतरत असेल, तर आपण जरूर जाऊ, सुट्टी टाकून जाऊ. आणि मोर्चा संपल्यावरही काम चालू ठेवू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्याच कायद्यात रेशन दुकानापासून राज्यापर्यंत दक्षता समित्यांची तरतूद आहे. आपल्या प्रभागात ती समिती बसते का, कोणाची नावे कार्डावर चढलेली नाहीत, हे विचारायला घोषणा लागत नाहीत, अर्ज लागतो. अर्ज लिहिणे हे तर आम्हा कारकुनांचे कामच!

आपली घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या गायकवाडी राज्यात फडणिशी, मास्तरकी, कारकुनी करत आली. कागद नीट ठेवणे आणि त्याचा पाठपुरावा करणे, हा आपला जुना वारसा. तो त्या लारीवाल्या बेनच्या उपयोगी पडला, तर मंडळाने महागाईविरुद्ध खरे काही केले असे आम्ही समजू. त्यांच्या सुनेचे नाव अजून रेशनकार्डावर चढलेले नाही. पहिला अर्ज त्यांचाच आम्ही लिहून आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना बरोबर कचेरीत यायचे असेल, त्यांनी आपले नाव द्यावे.

 जय हिंद!