रानातली फेरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची सवय नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "मुंबईस पाहिलेस तेच सांग," म्हणून उभी राहिले. चुकले तर सांभाळून घ्यावे.

दिवाळीनंतर धाकट्या बहिणीकडे शीवला पंधरा दिवस होते. एके सकाळी ती म्हणाली, "चल ताई, रानात फिरून येऊ." धारावीच्या कडेला कसले आले आहे रान? मला थट्टाच वाटली. पण मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान नावाचे ३७ एकरांचे रान खरेच आहे. पायवाट सावलीतून वळणे घेत जाते आणि फिरून फाटकापाशीच येते, देवळाच्या प्रदक्षिणेसारखी. घरी आल्यावर हे सासूबाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "परत थंयच येवचा होता, तर गेलंस कित्याक गो?" त्यांचेही खोटे नाही. आपण बायका चाललो त्या लाकडांना, पाण्याला, नाहीतर बाजाराला. रिकाम्या हातांनी चालताना मलाही प्रथम डोक्यावरचा भारा कुठेतरी विसरल्यासारखे वाटत होते.

अर्धी फेरी झाल्यावर बहिणीने सांगितले, "ताई, आपण चाललो आहोत ती जमीन म्हणजे मुंबईचा कचरा आहे." मी थबकलेच. पूर्वी तेथे शहराचा केर टाकीत. पुढे त्यावर माती घालून झाडे लावली. पहिले झाड १९८३ साली पक्ष्यांचे जाणकार सालिम अली यांनी लावले, आणि १९९४ साली उद्यान लोकांना खुले झाले. मधली अकरा वर्षे कुणीतरी पाणी घातले असेल, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावले असेल. त्यांची नावे कुठे दिसली नाहीत.

त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्यांपुढे आपली रेडी उभी राहिली. आपल्या खाणीतच १९७६ साली गणपती सापडला. तो आपल्याला पावला. पण त्याच खाणींच्या लाल ढिगांखाली आपले रानही गेले. माझ्या वडिलांच्या मळ्यात एका पावसाळ्यात ढिगाची माती उतरली, आणि पुढे चार वर्षे तेथे भात नीट पिकले नाही. वडील कुणाकडे दाद मागायला गेले नाहीत. ते फक्त बांधावर जाऊन बसत. मी लहान होते, पण ते बसणे मला आठवते.

खाणीच्या ढिगावर झाड लावणे कचऱ्यापेक्षाही अवघड. वरची कसदार माती गेलेली असते, उरतात खडे. पाऊस पडला की पाणी थांबत नाही. गोव्यात अशा ढिगांवर अकेशिया लावली आहे. हिरवे दिसते खरे, पण एकाच जातीची झाडे ओळीने उभी केली म्हणजे रान होत नाही, असे माझे मत आहे.

मुंबईहून आल्यावर आपण नऊजणी माऊलीच्या देवळापासून निघून, यशवंतगडावरून, जुन्या पडीक ढिगाच्या कडेने पुन्हा देवळाशी आलो. त्या दिवशी एक गोष्ट पाहिली ती येथे सांगते. उघड्या जागी एक रोप नाही. पण करवंदीच्या जाळीत वाकून पाहिले तर ऐनाची आणि जांभळाची इवली रोपे! जाळीच्या काट्यांमुळे गुरांचे तोंड तेथे पोचत नाही, आणि सावलीत थोडी ओल टिकते. म्हणून माझे मागणे एवढेच, की सरपणाला जाताना त्या बाजूची करवंद तोडू नये. पाऊस लागला की जाळीच्या कडेला आपणही ऐन-किंजळीचे बी टोचू. किती जगली, ते दर वर्षी फेरी घालून मोजू.

पुढची फेरी होळीनंतरच्या रविवारी, सकाळी सहाला, देवळापाशी. भाकरी-पाणी आपापले. मुलांना आणावे, पण खाणीच्या तळ्यांकडे सोडू नये. ती फार खोल आहेत. सासूबाई येणार आहेत. देवळापर्यंतच, असे म्हणाल्या आहेत.