स्तनांतील गांठ आणि घरची मिळकत
(एका खेडेगांवच्या शिक्षकाचें भाषण)



आजचा विषय चारचौघांत काढावयाचा नाहीं असें आपण मानतों. पण न बोलण्यापायीं आपल्या मायबहिणी मरत आहेत, म्हणून लाज बाजूला ठेवून ऐकावें. आपल्या देशांतील बायकांस होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रम पहिला आहे. तरी सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ३० ते ४९ वर्षांच्या बायकांपैकीं शेंकडा एकीनेंही, म्हणजे अवघ्या ०.९ टक्के बायकांनींच, स्तनाची तपासणी कधीं करून घेतलेली आढळली.

ह्यास बायकांचें अज्ञान म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण हें अज्ञान येतें कोठून? ज्या घरीं महिन्याचा पगार येतो, तेथली बाई लहानसहान दुखण्यासाठीं डॉक्टराकडे जाते, आणि तपासणीची गोष्ट आपोआप तिच्या कानीं पडते. ज्या घरीं रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तेथें तालुक्याला जाणें म्हणजे रोज बुडाला, एस.टी.चें भाडें गेलें, आणि त्यासाठीं धन्यापुढें हात पसरावा लागला. आरंभीं गांठ बहुधा दुखत नाहीं. मग न दुखणाऱ्या गांठीसाठीं हा खर्च कोण करील? मिळकत थोडी म्हणून जाणें नाहीं, जाणें नाहीं म्हणून माहिती नाहीं, आणि माहिती होते तेव्हां रोग पुढें गेलेला असतो. मग शेत गहाण पडतें.

ह्या तपासणीस मोठें यंत्र लागतेंच असें नाहीं. टाटा स्मारक रुग्णालयानें सन १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारें दीड लाख बायकांचे दोन गट करून प्रयोग केला. एका गटाची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं नुसत्या हातानें केली. सन २०२१ त निकाल प्रसिद्ध झाला: त्या गटांत रोग लवकर सांपडला, आणि पन्नाशीपुढील बायकांत त्याचे मृत्यु जवळजवळ ३० टक्क्यांनीं कमी झाले.

सरकारच्या सन २०१६ च्या नियमांप्रमाणें ३० ते ६५ वर्षांच्या बाईची दर पांच वर्षांनीं अशी तपासणी व्हावयाची आहे. आशाताई घरीं येऊन विचारील तेव्हां बायांनो, लपवूं नका. गांठ, कातडीस खळी, आंत ओढलेलें बोंड किंवा त्यांतून रक्त दिसल्यास वाट पाहूं नका.

आणि कर्त्या पुरुषांनो, बैल लंगडला तर आपण त्याच दिवशीं गुरांचा दवाखाना गांठतों. घरच्या लक्ष्मीसाठीं एक दिवसाचा रोज सोडा. तो मागण्याची पाळी तिच्यावर आणूं नका.