उसाचे पाणी आणि पाणकणीस



हिवाळ्यात भिगवणच्या काठी रोहित पक्षी पाहायला माणसे मोटारी भरून येतात. आम्हीही गेलो आणि थवे पाहून हरखलो. परतताना नावाड्याने वल्ह्याला चिकटलेले हिरवे शेवाळ बोटाने निपटून दाखवले. आजचे आमचे बोलणे त्या शेवाळाविषयी आहे.

भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पुरे झाले. पळसदेवचे जुने देऊळ, गावे, रानेही पाण्याखाली गेली. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. पण उसाला घातलेला सगळा युरिया ऊस खात नाही. उरलेला नत्र पाण्यात विरघळून ओढ्याला लागतो, स्फुरद मातीला चिकटून पावसाबरोबर वाहतो. शेताचे हे खत जलाशयात शेवाळाला आणि जलपर्णीला पोसते. ती कुजली की पाण्यातला प्राणवायू सरतो आणि मासा तडफडतो.

यावर उपाय काय? ओढ्याच्या मुखाशी गुडघाभर खोलीची विस्तीर्ण तळी करावी, त्यांत पाणकणीस, लव्हाळे लावावे आणि पाणी काही दिवस रेंगाळू द्यावे. गाळ खाली बसतो, त्याबरोबर स्फुरदही. हवा न पोचणाऱ्या चिखलातले जिवाणू नत्राचे वायूत रूपांतर करून तो आकाशाला परत देतात. अशा वनस्पतींचे प्रयोग केटे झायडेल या जर्मन विदुषींनी 1950 नंतरच्या दशकात केले. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऊसशेतीचे पाणी आज सुमारे 60 हजार एकरांच्या अशा पाणथळीतून गाळले जाते.

मात्र ही जादू नव्हे. स्फुरद नाहीसा होत नाही, तो गाळात साठतो. म्हणून गाळ काढावा लागतो. मोठ्या पुरात पाणी न थांबता निघून जाते. शिवाय पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून येते, ते शहरांनीच शुद्ध करून सोडले पाहिजे. शेतातही माती तपासून, मोजून खत घालणे हे पहिले काम.

आणि श्रोतेहो, तळ्याला जागा कोणाची? ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांच्याकडेच पुन्हा फुकट मागायची काय? स्वच्छ पाण्याचा लाभ कारखान्याला, शहराला, खालच्या गावांना होणार. मग त्या जमिनीचा मोबदलाही सर्वांनी मिळूनच दिला पाहिजे. एवढा न्याय आपण केला, तर पाणकणीस आपले काम निमूटपणे करील.