रायगडावरचे साक्षीदार

६ जून १६७४. रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. आपल्याला हे कुणी सांगितलं?

ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दिवशी दरबारात हजर होता. सिंहासनाजवळच्या भाल्यांवर सोन्याची माशांची डोकी होती, घोड्यांच्या शेपट्या होत्या, तराजू होता, असं त्यानं नोंदवून ठेवलं. दुभाषी नारायण शेणवी यानं नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हा महाराजांचं लक्ष इंग्रजांकडे गेलं, हेही त्यानंच लिहिलं. घटनेच्या वेळी, पाहणाऱ्यानं लिहिलेलं, म्हणून हे प्राथमिक साधन. पण साहेबाला मराठी कळत नव्हतं आणि त्याचा जीव व्यापाराच्या सवलतींत अडकलेला! डोळ्यांनी पाहिलं म्हणजे सगळं समजलं, असं नव्हे.

कृष्णाजी अनंत सभासद दरबारातलाच माणूस. मात्र त्यानं बखर लिहिली ती महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांनी, जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. साधन मोलाचंच, पण त्यात आठवणींची सरमिसळ गृहीत धरावी लागते.

साताऱ्याच्या मल्हार रामराव चिटणीसांची बखर तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. राज्याभिषेकापुरती ती दुय्यम. आता प्रश्न बदला: चिटणीसांच्या काळात साताऱ्याला शिवकाल कसा आठवला जात होता? या प्रश्नासाठी तीच बखर प्राथमिक साधन ठरते.