सही कोणाची?



आम्ही बँकेत कारकून. आमच्याकडे दहा रुपयांचे व्हाउचरसुद्धा सहीशिवाय पुढे सरकत नाही. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर त्या सहीवरून माणूस सापडतो. मग बंदुकीची गोळी सुटते, कोठडीत माणूस मरतो, तेव्हा सही कोणाची? आजचा विषय एवढाच आहे.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक संतापून महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. १० जण ठार झाले. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. पोलिसांचे म्हणणे असे, की जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मानले नाही. गोळीबार अनावश्यक ठरविला आणि तुकडीचे प्रमुख उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरले. पण चौकशी आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. त्याचा अहवाल सरकारने स्वीकारला तरी त्याने कोणी तुरुंगात जात नाही. त्यासाठी वेगळा खटला लागतो. तो निकाली निघाला २००९ साली. कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप झाली, आणि पुढे उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. गोळीबार आणि शिक्षा यांत १२ वर्षे गेली. त्या वर्षी जन्मलेले पोर तोवर सातवीत पोचले!

असा उशीर का होतो? एक कारण कायद्यातच आहे. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी नोकरावर खटला भरायचा तर आधी सरकारची परवानगी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते कलम १९७. हेतू चांगला होता. प्रामाणिक अधिकाऱ्याला कोणी उगाच कोर्टात ओढू नये. आमचाही त्याला विरोध नाही. पण परवानगीची फाईल टेबलावर पडून राहिली, की खटलाही पडून राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, कलम २१८ मध्ये, सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यावा, न घेतल्यास परवानगी मिळाली असे समजावे, असे म्हटले आहे. ही सुधारणा मोलाची आहे, तिची माहिती मात्र फार थोड्यांना आहे.

आता आपल्या जवळची गोष्ट. लोणारच्या पुढे जालना जिल्हा ओलांडला की परभणी. तेथे १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना वारला. मारहाण झालीच नाही, असे विधानसभेत सांगण्यात आले. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले गेले. आई उच्च न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. म्हणजे निव्वळ गुन्हा नोंदविण्यासाठी एका आईला सात महिने आणि दोन न्यायालये लागली.

ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईने तर सर्वोच्च न्यायालयाला नुसते पत्र लिहिले होते. त्याचीच याचिका झाली. १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाईचा आदेश झाला आणि कोठडीतील मृत्यूला राज्य जबाबदार, हे तत्त्व पक्के झाले. मात्र भरपाई येते सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून. मारणाऱ्याच्या खिशाला त्याची झळ लागतेच असे नाही. म्हणून भरपाई मिळाली तरी आमच्या मते खाते बंद होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, डी. के. बसू खटल्याचा १९९६ चा निकाल एकदा वाचाच. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा पंचनामा तिथल्या तिथे व्हावा, त्यावर वेळ आणि तारीख असावी, घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही असावी. नातेवाइकाला कळवावे. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. अनुच्छेद २२ प्रमाणे २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे. तेथे मॅजिस्ट्रेट तक्रार विचारतात, तेव्हा पोरे भीतीने मान हलवून गप्प राहतात. अंगावर वळ असतील तर तिथेच, त्याच क्षणी सांगायचे. नंतर ते वळ राहत नाहीत.

आणखी एक. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, त्या जाती-जमातींतील नसलेल्या सरकारी नोकराने या कायद्याखालचे कर्तव्य जाणूनबुजून टाळले तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. फिर्याद वाचून न दाखवणे, तिची प्रत न देणे, हेही त्यातच येते. प्रत फुकट मिळते. ठाण्यातून बाहेर पडताना ती हातात असू द्या, आणि खाली सही कोणाची आहे, ती वाचता येते की नाही, हे दिव्याखाली धरून पाहा.